माल्टाचे गावसण: एकच गाव निवडा आणि तिथेच थांबा

प्रश्न थोडक्यात असा. नाशिकच्या एक ताई, त्यांचे यजमान, कॉलेजातली मुलगी आणि बहात्तर वर्षांच्या आई असे चौघं 11 ते 20 ऑगस्ट माल्टाला निघालेत. 15 ऑगस्टला तिथे एकाच दिवशी सात गावांत सण असतो असं त्यांनी वाचलंय. गाडी भाड्याने घेतली तर त्यातली किती गावं एका दिवसात होतील? चर्चमध्ये आपल्यासारख्यांना जाऊ देतात का? घरात सगळे शाकाहारी आहेत, तर खायचं काय? आणि ऑगस्टचं ऊन आईंना झेपणार नसेल तर वर्षातला दुसरा कुठला काळ बरा?

ताई, मी मूळची वसईची. गेली सतरा वर्षं माल्टात राहते आणि त्यातली तेरा वर्षं पाहुण्यांना हे बेट दाखवणं हेच माझं काम आहे. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण बाकीचं सगळं त्यावर अवलंबून आहे. एका दिवसात एकच गाव करा.

नकाशा पाहिला की पाच गावं सहज होतील असं वाटतं, हे मला ठाऊक आहे. सगळा देशच 316 चौरस किलोमीटरचा. 15 ऑगस्टला ज्या सात ठिकाणी सांता मारियाचा सण असतो, ती अत्तार्द, मोस्ता, मकाब्बा, क्रेन्दी, गुदिया, अशाक ही माल्टा बेटावरची सहा गावं आणि गोझो बेटावरचं व्हिक्टोरिया. मकाब्बा आणि क्रेन्दी एकमेकांना खेटून आहेत, तशीच गुदिया आणि अशाक. कामाला लागून दोन-तीन वर्षं झाली होती तेव्हा मीही असाच हिशोब केला. अकरा पाहुणे, एक छोटी बस आणि संध्याकाळभरात पाच गावं. पहिल्या गावात पोचलो तर मूर्ती अजून आतच होती. दुसऱ्या गावाचा रस्ता मिरवणुकीसाठी बंद. तिसऱ्या गावात बस लावायला जागा मिळेपर्यंत मिरवणूक चौक ओलांडून गेलेली. कारण साधं आहे: सगळीकडे मूर्ती बाहेर पडते ती ऊन उतरल्यावर, म्हणजे जवळजवळ एकाच वेळी. त्या अकरा जणांनी त्या दिवशी पाच गावांचे दिवे पाहिले असतील, पण सण पाहिला नाही. त्यांची ती संध्याकाळ मी परत देऊ शकले नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. त्यानंतर मी कुणालाही एका दिवसात एकाहून जास्त गावांत नेलं नाही.

इथे गावाच्या सणाला ‘फेस्ता’ म्हणतात. गोव्यातलं फेस्त आणि हा शब्द सख्खे भाऊ. प्रत्येक गावाचा एक रक्षक संत असतो आणि त्याच्या नावाने वर्षातून एकदा आठवडाभर गाव उजळतं. मे-जूनपासून सप्टेंबरपर्यंत जवळजवळ दर शनिवार-रविवारी बेटावर कुठे ना कुठे फेस्ता असतोच. 2023 मध्ये युनेस्कोने माल्टाच्या या गावसणाला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. आपल्याकडचा गुजरातचा गरबाही त्याच वर्षी त्या यादीत गेला. ही बातमी आली त्या दिवशी आमच्या गल्लीत कुणी फार नाचलं नाही. ज्यांच्यासाठी फेस्ता म्हणजे वर्षाचा कणा आहे, त्यांना तो वारसा आहे हे बाहेरून कुणी सांगायची गरज नव्हती.

आपल्या माणसाला फेस्ता समजावायचा तर मी गणेशोत्सवाचं मंडळ डोळ्यांसमोर आणायला सांगते. चर्चचा धर्मगुरू मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, करतो, प्रार्थना चालवतो, पण रस्त्यावरचा सण उभा करतो तो गावचा बँड क्लब. गावच्या मुख्य चौकात चर्चच्या समोर किंवा शेजारी एक जुनी, देखणी इमारत दिसेल. खाली बार, भिंतींवर जुन्या अध्यक्षांची छायाचित्रं, कपाटात चषक, आणि वरच्या मजल्यावरून कुणा पोराच्या ट्रम्पेटचा अडखळता सूर. हे क्लब एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, इंग्रजांच्या अमलात फोफावले. ते आजही गावच्या मुलांना वाद्यं फुकट शिकवतात. वर्गणी, सजावट, दिवे, दारूकाम, सगळं स्वयंसेवकांच्या जिवावर चालतं. आपल्याकडे जसा कार्यकर्ता नोकरीतून दहा दिवस रजा काढतो, तसा इथला माणूस वर्षाची रजा फेस्त्याच्या आठवड्यासाठी राखून ठेवतो.

आणि मंडळं म्हटली की चढाओढ आलीच. तिला इथे ‘पीका’ म्हणतात. कितीतरी गावांत दोन क्लब, दोन संत, दोन रंग असतात. हामरून गावात ऑगस्टच्या सुरुवातीला सान गेटानोचा सण असतो. तिथली रविवार सकाळची मिरवणूक पाहिलीत तर लाल आणि निळ्या कपड्यांतली तरुण पोरं उन्हात तासन्‌तास नाचताना दिसतील. या चढाओढीमुळे घराघरांत अबोले धरले गेले आहेत, सासर एका क्लबचं नि माहेर दुसऱ्याचं म्हणून लग्नांत कुरबुरी झाल्या आहेत. पण माझं प्रामाणिक मत सांगते. पीका नसती तर या एवढ्याशा गावांत इतकी सुंदर कोरीव कामं, इतके बँड आणि इतकी कारागिरी उभीच राहिली नसती. मकाब्बा गाव घ्या. काही हजार वस्तीच्या त्या गावात दारूकाम करणारे दोन गट आहेत, एक सांता मारियाचा आणि एक लिलीच्या मातेचा, म्हणजे मरियेच्याच दुसऱ्या रूपाचा. त्यातल्या लिलीवाल्यांनी जून 2011 मध्ये 32 मीटरहून जास्त व्यासाचं भुईचक्र फिरवून गिनेस बुकात जगातलं सर्वांत मोठं म्हणून नोंद मिळवली.

आता तुमचा आठवडा. 15 ऑगस्ट हा सांता मारियाचा, म्हणजे पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा दिवस. तो माल्टाच्या माणसाच्या इतका जवळचा का, हे येण्याआधी समजून घ्या. नाहीतर चौकात शेजारी उभ्या असलेल्या म्हाताऱ्या बाईच्या डोळ्यांत पाणी का आलं ते कळणार नाही. दुसऱ्या महायुद्धात हे बेट इंग्रजांचं होतं आणि इटली-जर्मनीच्या विमानांनी ते भाजून काढलं होतं. एप्रिल 1942 मध्ये इंग्लंडच्या राजाने सगळ्या बेटालाच जॉर्ज क्रॉस दिला. माल्टाच्या झेंड्याच्या कोपऱ्यात तो आजही आहे. पण पदकाने पोट भरत नाही. ऑगस्टपर्यंत धान्य आणि इंधन संपत आलं, शरण जायची तारीख मोजायची वेळ आली. तेव्हा चौदा मालवाहू जहाजांचा एक ताफा युद्धनौकांच्या पहाऱ्यात ब्रिटनहून निघाला. वाटेत पाणबुड्यांनी, विमानांनी, वेगवान नौकांनी तो फोडला. चौदांपैकी नऊ जहाजं बुडाली. तीन 13 तारखेला पोचली, चौथं 14 ला. सगळ्यांचा जीव ज्याच्यात अडकला होता ते ओहायो नावाचं तेलवाहू जहाज मोडून पडलं होतं, इंजिनं बंद होती, पाणी डेकपर्यंत आलं होतं. दोन्ही बाजूंना विनाशिका बांधून, काखेत धरून आणावं तसं ते ग्रँड हार्बरमध्ये आणलं गेलं, आणि तो दिवस 15 ऑगस्टचा निघाला. माल्टाचे लोक त्या ताफ्याला आजही सांता मारियाचा ताफा म्हणतात. तुमच्या आईंना हे सांगा. स्वातंत्र्यदिन आणि हा दिवस एकाच तारखेला यावेत, हे मला दर वर्षी पुन्हा जाणवतं.

गाव कुठलं निवडायचं? तुमच्या चौघांचा विचार करून मी अशाक सुचवेन. रस्त्यांची सजावट मनापासून केलेली असते, आणि सांता मारियाची लाकडी मूर्ती मारियानो जेरादा या शिल्पकाराने 1808 मध्ये घडवलेली आहे. केवळ दारूकामासाठी यायचं असेल तर 14 ला रात्री मकाब्बा. आईंना पायऱ्या आणि चढ नकोच असतील तर मोस्ता. तिथला घुमट प्रचंड आहे, आणि 9 एप्रिल 1942 ला भरल्या चर्चमध्ये त्या घुमटातून बॉम्ब आत पडला तो फुटला नाही, म्हणून लोक वाचले. त्याच जातीचा बॉम्ब आत ठेवलाय. मोस्ता मोठं असल्यामुळे गर्दीही मोठी, एवढंच लक्षात ठेवा. गोझोचा मात्र त्या दिवशी हट्ट धरू नका. त्या आठवड्यात अर्धा माल्टा सुट्टीला गोझोत जातो. फेरीबोट एरवी पंचवीस मिनिटांत पोचवते, पण तिच्या रांगेतच तुमची दुपार जाईल. गोझो 17-18 नंतर करा.

गावांची नावं विचारताना एक सांगते. मकाब्बा, क्रेन्दी, अशाक यांतला ‘क’ मी तुमच्या सोयीसाठी लिहिलाय. इथला माणूस ते अक्षर घशात गिळून टाकतो, म्हणून तुम्हाला ‘इमअब्बा’ असं काहीतरी ऐकू येईल. बसवाल्याला नाव सांगून कळलं नाही तर फोनवर लिहून दाखवा.

गाव ठरलं की 15 ची वाट पाहू नका. 12 ला संध्याकाळी तिथे जा आणि काही न करता चौकात बसा. शिडीवर चढलेली माणसं रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या घरांवरून भरतकामाची मोठमोठी तोरणं-पडदे ओढत असतील. दर पंधरा-वीस पावलांवर लाकडी चौथरे उभे राहतात. ते संगमरवरासारखे रंगवलेले असतात आणि त्यांवर कागदाच्या लगद्याचे संत, देवदूत, पैगंबर बसतात. बायका दारांच्या पितळी मुठी आणि कड्या घासत असतात. इथलं दार जुनं असलं की त्यावर डॉल्फिनच्या आकाराची पितळी कडी असतेच. फेस्त्याच्या आठवड्यात अख्खी गल्ली लिंबाच्या आणि पितळ घासायच्या लेपाच्या वासाने भरून जाते. घरांची दारं मुद्दाम उघडी ठेवतात. बैठकीची खोली, चांगला टेबलक्लॉथ, आजोबांचा फोटो आणि छोटीशी मूर्ती येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावी म्हणून. आत डोकावून हसलात तर बहुतेक वेळा बोलावतात. तुमच्या आई आणि त्या घरातली आजी यांना एकमेकींची भाषा येत नसली तरी अर्धा तास सहज जाईल, हे मी अनेकदा पाहिलंय.

याच आठवड्यात एका संध्याकाळी मूर्ती चर्चमधल्या कोनाड्यातून बाहेर काढतात. बाहेरच्या पाहुण्यांना याचा पत्ताच नसतो आणि माझ्या मते सगळ्या आठवड्यातला हाच क्षण पाहण्यासारखा आहे. वर्षभर काचेमागे असलेली मूर्ती रुळांवरून हळूहळू पुढे सरकते. आत टाळ्या, बाहेर एकदम गरजणारे आवाजी गोळे, घंटा, आणि माणसं आपल्या लेकराला खांद्यावर घेऊन मूर्तीला हात लावायला लावतात. नक्की दिवस आणि वेळ गावागणिक वेगळी असते, त्या गावच्या क्लबच्या दारावर आठवड्याचा कार्यक्रम चिकटवलेला असतो. तो पहिल्याच दिवशी फोटो काढून ठेवा.

14 ची रात्र बँड आणि दारूकामाची. आकाशातल्या दारूकामाला आपण सरावलेलो असतो, पण इथलं जमिनीवरचं दारूकाम चुकवू नका. उंच खांबांवर यंत्रासारखी जोडलेली चाकं असतात. एक पेटलं की दुसऱ्याला फिरवतं, आकार उघडतात, मिटतात, उलटे फिरतात. हे हिशोब करणारा माणूस दिवसा सुतार असतो नाहीतर कारकून, आणि वर्षभराच्या संध्याकाळी या एका रात्रीसाठी खर्चतो. याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. हे कारखाने गावाबाहेर शेतांत असतात आणि तिथे होणारे स्फोट हे या बेटाचं जुनं दुखणं आहे. सप्टेंबर 2010 मध्ये गोझोतल्या आर्ब गावाजवळच्या स्फोटात सहा जण गेले. अपघात झाला की महिनाभर बंदीची भाषा होते, मग पुढचा फेस्ता येतो. माणसाचा जीव जाण्याइतकं मोठं कुठलंही दारूकाम नाही, असं माझं मत आहे. ते मी माझ्या गावच्या क्लबात बोलून दाखवलंय आणि त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलंय.

15 ला सकाळी मोठी मिस्सा असते. आत जायला कुणालाही मनाई नाही, धर्म कुणी विचारत नाही. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, एवढंच. आई साडीत असतील तर प्रश्नच नाही, यजमानांनी मात्र अर्धी चड्डी हॉटेलवर ठेवावी. ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत तेवढं जाऊ नका. तो बाप्तिस्मा घेतलेल्या कॅथलिकांसाठी असतो. जागेवर बसून राहिलं तरी कुणाला वावगं वाटत नाही. दुपारी सरळ खोलीवर जाऊन झोपा. संध्याकाळी सहाच्या आत परत येऊन चर्चच्या दाराच्या समोर नाही, तर मिरवणूक वळते त्या कोपऱ्यावर जागा धरा. तिथे मूर्ती थांबते. खांदेकरी पांढऱ्या झग्यांत असतात आणि प्रत्येकाच्या हातात वरच्या टोकाला बेचकं असलेली काठी असते. बँडची धून संपली की सगळे एका इशाऱ्यावर त्या बेचक्यांवर दांडे टेकवतात. तो ठक्‌ असा एकच आवाज येतो. मग कुणी रुमालाने मान पुसतं, कुणाची बायको पाण्याची बाटली पुढे करते, खांदा बदलला जातो, पुन्हा इशारा आणि पुन्हा मूर्ती डुलत पुढे. गच्च्यांवरून कागदाचे तुकडे एवढे पडतात की रस्ता दिसत नाही. मिरवणूक संपून मूर्ती आत जाते तेव्हा तिचं तोंड लोकांकडे ठेवून पाठमोरी नेतात, आणि चौकातली माणसं हात हलवून निरोप देतात. विसर्जनाच्या वेळी गळ्यात जे दाटून येतं ना, तेच. इथे मूर्ती पाण्यात जात नाही, कोनाड्यात जाते, पण वर्षभराची वाट सुरू होते ती त्याच घडीला.

आवाजाबद्दल आईंना आधीच सांगून ठेवा. सकाळी आठला, दुपारी बाराला आणि संध्याकाळी जे आवाजी गोळे सुटतात त्यांनी खिडक्या हादरतात. कानात घालायला कापूस बरोबर असू द्या. रक्तदाबाचा त्रास असेल तर राहायची जागा सणाच्या गावात घेऊ नका, दोन गावं पलीकडे घ्या.

खाण्याचं. रस्त्यावरच्या गाड्यांवर मांस भरपूर असतं, तरी उपाशी राहणार नाही. ‘इमआरेत’ म्हणजे खजुराचं सारण भरून तळलेल्या चौकोनी वड्या, बडीशेपेच्या आणि संत्र्याच्या वासाच्या. गरम असतानाच खा. ‘उब्बाइत’ म्हणजे बदामाची, मधाची चिक्कीसारखी मिठाई. एक कडक, एक मऊ. पिढ्यान्‌पिढ्या तीच घराणी लाकडी गाड्यांवर पितळी तराजू मांडून ती विकतात. पास्तीत्सी नावाची पापुद्र्यांची करंजी रिकोटा चीजची किंवा वाटाण्याची मिळते, पण तिच्या पिठात काही ठिकाणी डुकराची चरबी घालतात, म्हणून दर ठिकाणी विचारा. पाव, टोमॅटोचा गर, ऑलिव्ह तेल आणि केपर्स असा एक साधा खाऊ आहे, त्यात ट्यूना मासा घालू नका म्हणून आधी सांगा. टोमॅटो इथल्या मातीतला असला की त्या एका पावावर जेवण होतं.

15 नंतरचे दिवसही रिकामे नाहीत. 18 ऑगस्टला किंवा त्यानंतर येणाऱ्या रविवारी बिरकिरकारा गावात सांता हेलेनाची मिरवणूक निघते आणि ती सकाळी निघते, हे तिचं वेगळेपण. उन्हाआधी सगळं आटोपतं, आईंसाठी फार सोयीचं. तुमच्या तारखांत तो रविवार बसतोय का ते पाहा. बसत असेल तर सोडू नका. ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी सान जुल्यानला समुद्रावर आडवा लावलेला, चरबी फासलेला खांब असतो आणि पोरं-पोरी अनवाणी धावत जाऊन टोकाचा झेंडा धरायला जातात. बहुतेक सगळे पाण्यात पडतात. दहीहंडी ज्यांनी पाहिली आहे त्यांना ती गंमत लगेच कळेल, पण तोवर तुम्ही नाशिकला पोचलेले असाल.

आता शेवटचा प्रश्न, दुसरा काळ कुठला. ऑगस्टमध्ये दुपारी तापमान 31-32 अंशांवर जातं आणि समुद्राची दमट हवा असते. नाशिकच्या माणसाला आकडा मोठा वाटणार नाही, पण दगडी गल्ल्या रात्रीपर्यंत तापलेल्या असतात. त्यामुळे तुमची शंका रास्त आहे.

मला स्वतःला पवित्र आठवडा सर्वांत प्रिय आहे, मार्च-एप्रिलमधला, ईस्टरच्या आधीचा. हवा सुखाची, डोंगरउतारांवर रानफुलं. गुरुवारी संध्याकाळी लोक सात चर्चना पायी भेट देतात. शुक्रवारी घंटा वाजत नाहीत, त्याऐवजी लाकडी खुळखुळ्याचा कोरडा आवाज येतो. मग मिरवणूक: येशूच्या दुःखभोगाचे प्रसंग दाखवणाऱ्या मूर्ती एकामागून एक खांद्यांवर, आणि त्यांच्यामागे पांढरे बुरखे घातलेले काही जण पायाला साखळ्या बांधून चालतात. ते कोण आहेत हे कुणालाच कळत नाही. नवस कशाचा, तेही कुणी विचारत नाही. दगडावरून ओढल्या जाणाऱ्या साखळ्यांचा आवाज झेयतुनच्या अरुंद गल्लीत मी पहिल्यांदा ऐकला त्या दिवशी वसईतला माझ्या आजोबांचा गुड फ्रायडे आठवला. ईस्टरच्या रविवारी त्याच गावांचा नूर उलटा होतो. बिर्गू आणि बोर्मलाला खांदेकरी पुनरुत्थित येशूची मूर्ती घेऊन चढावर चक्क धावत सुटतात. मुलांना बदामाचं सारण भरलेली, मासा किंवा बाहुलीच्या आकाराची मोठी बिस्किटं मिळतात.

इथेच एक गोष्ट सांगायची राहून जाऊ नये. माल्टाची भाषा अरबीच्या घरातली, पण लिपी रोमन आणि लोक कॅथलिक. म्हणून ते देवाला ‘आल्ला’ म्हणतात. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाला ‘रान्दान’, म्हणजे आपल्या ओळखीचा रमजान. ईस्टरचा शब्द ईदचाच भाऊ, आणि नाताळ म्हणजे ‘मिलीद’, मिलादच्या कुळातला. मिस्सेत पहिल्यांदा धर्मगुरूच्या तोंडून ‘आल्ला’ ऐकलं तेव्हा मी मान वर करून पाहिलं होतं. एका शब्दाने किती घरं फिरावीत!

जूनअखेर यायचं असेल तर 29 जूनचा ‘इमनारिया’ पाहा. संत पीटर आणि पॉलचा दिवस. नाव दिव्यांवरून पडलं, कारण पूर्वी त्या रात्री माल्टातल्याच मदिना आणि रबात या शेजारच्या गावांचा परिसर होळ्या-मशालींनी उजळत असे. आदल्या रात्री बुस्केतच्या झाडीत अख्खी कुटुंबं जमतात, तळलेला ससा आणि वाइन चालते, शेतमालाचं प्रदर्शन असतं. तुम्ही सशाकडे पाहू नका, गाण्याकडे कान द्या. तीन गिटारी आणि समोरासमोर बसलेले गायक. एकाने कडवं टाकायचं, दुसऱ्याने तिथल्या तिथे जुळवून उत्तर द्यायचं. आपला शाहिरी सवाल-जवाब ऐकलेल्या माणसाला शब्द कळले नाहीत तरी टोला कुणाला बसला ते कळतं. दुसऱ्या दिवशी रबातच्या चढावर घोड्या-गाढवांच्या शर्यती होतात, जिंकणाऱ्याला जरतारी कापडाचं निशाण मिळतं आणि तो ते आपल्या गावच्या चर्चला वाहतो.

सप्टेंबरची 8 तारीख मात्र वसई-वांद्र्याच्या माणसाला सांगावी लागत नाही. आमच्या मोत माउलीचा तोच दिवस. इथे त्याला विजयदिन म्हणतात, कारण 1565 चा तुर्कांचा मोठा वेढा त्याच सुमारास उठला. त्या दिवशी ग्रँड हार्बरमध्ये बंदरालगतच्या गावांच्या होड्यांच्या शर्यती लागतात आणि दोन्ही काठांवर माणूस मावत नाही. 10 फेब्रुवारीला व्हॅलेटात संत पॉलच्या जहाजफुटीचा सण. मूर्ती मेल्कियोरे गाफा या माल्टाच्या शिल्पकाराची, आणि फेब्रुवारीच्या थंडीत सगळी राजधानी कागदाच्या तुकड्यांनी पांढरी होते.

पण आईंच्या दृष्टीने पाहिलं तर मी डिसेंबर म्हणेन. थंडी सोसवेल इतकी, गर्दी कमी, घराघरांत येशूजन्माच्या देखाव्याची गव्हाण. 1883 पासून इथे नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेत प्रवचन धर्मगुरू करत नाही, सात-आठ वर्षांचं पोर करतं. महिनाभर पाठ केलेलं, सगळं गाव श्वास रोखून ऐकतं. घरी आल्यावर चेस्टनट आणि कोकोचं गरम पेय, संत्र्याच्या सालीचा वास असलेलं.

आणि गव्हाणीत बाळ येशूभोवती पांढऱ्याशुभ्र केसांसारखं काहीतरी दाट उगवलेलं दिसेल. पहिल्या वर्षी मला ते कापूस वाटलं. शेजारच्या आजींनी माझं बोट धरून त्यात फिरवलं, तेव्हा ओलं, थंड आणि जिवंत लागलं. त्याला ‘जुलबिएना’ म्हणतात. नाताळच्या चारेक आठवडे आधी उथळ बशीत ओला कापूस पसरून त्यावर दाणे पेरायचे, एक दिवसाआड पाणी शिंपडायचं आणि बशी कपाटात, अगदी अंधारात ठेवायची. उजेड न मिळाल्यामुळे अंकुर हिरवे होत नाहीत, उंच आणि पांढरे वाढतात, स्वतःच्या भाराने बशीच्या कडेवरून खाली झुकतात. वसईला आमच्या शेजारी नवरात्रात घट बसायचा. देवघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात परडीतलं धान पिवळंधमक उगवायचं आणि काकू दसऱ्याला त्यातली चार पाती माझ्याही वेणीत खोवायच्या. आजींना मी हे सांगितलं, फोनवर फोटो दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो बराच वेळ पाहिला आणि विचारलं, तुम्ही पाणी रोज घालता की एक दिवसाआड?

त्यानंतर दर वर्षी त्या मला दाण्यांची एक पुडी देतात. ताई, ऑगस्ट रद्द करून डिसेंबरला यायचं ठरलंच तर नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत कळवा. आईंच्या नावाची एक बशी पेरून ठेवते.